फक्कीच्या दोन रेघा आणि विटांची पट्टी

आमच्या घरासमोरचा रस्ता स्टेशनाकडून येतो, कापसाच्या बाजाराला घासून जातो आणि मुलींच्या शाळेपाशी, जकात नाक्यावरून गावाबाहेर पडतो. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याच्यावर बंड्याच बंड्या, म्हणजे बैलगाड्या, असतात. वडनेरकडच्या, नदीपलीकडच्या, कुठकुठल्या. अंधार असतानाच निघालेली बंडी सकाळी नाक्यावर पोचते आणि बाजारातली हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होईपर्यंत रस्त्याच्या पूर्वेला कडुनिंबांच्या रांगेखाली उभी राहते. धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारा, बैल सोडून चाकाला बांधतो, पुढ्यात कडबा टाकतो आणि स्वतः बंडीखाली पसरतो. ही पद्धत कुणी घालून दिलेली नाही. मी गावात येण्याआधीपासून ती आहे.

मी इथल्या कमेटीत ओव्हरसियर आहे. म्युनिसिपालिटीला आमच्याकडे कमेटीच म्हणतात. नाल्या, मोऱ्या, रस्ते हे माझं काम. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागे गावात सायकली फार वाढल्या. मास्तर, कचेरीतले बाबू, स्टेशनावर सायकल ठेवून गाडीनं वर्ध्याला कॉलेजात जाणारी पोरं, आणि नंतर नंतर शाळेत जाणाऱ्या तीन-चार मुलीही. बंड्या एका बाजूला, टांगे मधून, आणि सायकली जिथं फट दिसेल तिथून.

या फटीतून जाणाऱ्यांत माझी धाकटी बहीण होती.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा तापानं गेला. ती परत आमच्याकडे आली, राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि मुलींच्या शाळेत लागली. शाळा घरापासून लांब. सायकल मीच तिला शिकवली. पावसाळ्यात कापसाचं जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद असतं. त्याच्या मोकळ्या आवारात मी सीट धरून तिच्यामागं धावत असे. घरात वडलांच्या थोरल्या भावांचा शब्द चालतो. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणतो. ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "बाईमाणसानं दोन चाकावर कायले बसाव?"

बहीण म्हणाली, "मोठेबाबा, बंडीलेही दोनच चाकं असतात."

"पण बंडीले दोन बैलं असतात," मोठेबाबा म्हणाले. "तुह्या पुढं कोण हाये?"

ती सायकलवर बसत राहिली.

मग एका हंगामाच्या सुरुवातीला ती पडली. कापूस भरलेली बंडी चाकांच्या बाहेर दोन्ही अंगांनी फुगलेली असते, कारण बांबूचे तट्टे लावून कापूस चेपून भरतात. अशा बंडीच्या आणि नालीच्या मधून ती चालली होती. बैलानं माशी हाकलायला मान वळवली, शिंग हँडलला लागलं, आणि ती सायकलसकट नालीत गेली. मनगट मोडलं. लोकांनी धावून येऊन उचललं. पण उचलायच्या आधी काही जण हसले, हे तिनं मला सांगितलं, मोठेबाबांना नाही.

सायकल माळ्यावर गेली. टांगा होता, पण हंगामात टांगेवाले स्टेशनावर उतरणारे दलाल आणि व्यापारी धरतात, एकट्या बाईला शाळेपर्यंत सोडायला थांबत नाहीत. प्लास्टर उतरल्यावर ती पायी जाऊ लागली. घरातलं पाणी, स्वयंपाकाला हात लावणं, मग ती चाल. रोज उशीर. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा शेरा मारला, तिसऱ्यांदा म्हणाल्या की पुढच्या हंगामातही असंच होणार असेल तर मला दुसरी बाई पाहावी लागेल.

मोठेबाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मंग सोडून दे नोकरी. घरात खायाले काय कमी हाये?"

"खायाले कमी नाही म्हणूनच जाते," ती म्हणाली.

ते रागावले नाहीत. त्यांनी तिला एक वाट ठेवली, पण ती कधी होणार नाही या खात्रीनंच ठेवली असावी. म्हणाले, "सायकलीले येगळा रस्ता झाला त बसजो. तवरीक नाई."

आणि त्याच थंडीत कमेटीनं आमचा रस्ता डांबरी करायचं ठरवलं. अध्यक्ष पेशानं वकील, तोंडात कायम पान. मला बोलावून म्हणाले, "डांबर टाकतोच आहोत तर सायकलवाल्यांचंही काही करा. रोज एक भांडण येते माझ्याकडे. दोन-तीन प्रकार काढून आणा."

म्हणजे मोठेबाबांची अट पुरी करणं न करणं माझ्या टेबलावर आलं.

इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला सगळ्या गोष्टींचा अपराध वाटतो. नळाला पाणी कमी आलं तर मला वाटतं आपल्या घरी आज जास्त भरलं. भाजीवालीनं मिरच्या वर घातल्या तर घरी येईपर्यंत मन खातं. बहीण म्हणते, "भाऊ, तुले गुन्हा करायची सवय नाही, फक्त कबूल करायची हाये." ती थट्टेनं म्हणते, पण खरं आहे. लोक याला प्रामाणिकपणा समजतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

मी टेप घेऊन भर हंगामात रस्ता मोजला आणि तीन नकाशे काढले.

पहिल्यात डांबराच्या दोन्ही कडांपासून आत एकेक पांढरी रेघ. रेघेच्या बाहेर सायकली, आत बंड्या आणि टांगे. बांधायचं काही नाही, तोडायचं काही नाही. पण पूर्वेला निंबाखाली बंड्या उभ्या राहतात तीच जागा रेघेच्या बाहेर येत होती. रेघेनं बंडी अडत नाही हे मला कळत होतं.

दुसऱ्यात मी उभ्या बंड्या निंबांपासून थोड्या पुढे रस्त्याकडे ओढल्या आणि त्यांच्या मागून, नालीच्या काठानं, सायकलींना वाट दिली. उभ्या बंड्यांचीच भिंत होईल आणि धावत्या टांग्यांपासून सायकली वाचतील, ही कल्पना. कागदावर हा नकाशा मला फार आवडला. पण बैल चाकाला बांधलेला असतो, आणि बांधलेला बैलही मागं सरतो, पुढं सरतो, शेपूट मारतो. खाली शेण आणि मूत, आणि सगळ्याचा उतार नालीकडे, म्हणजे सायकलींच्या वाटेवरच. दोन सकाळी मी स्वतः सायकल घेऊन बैलांच्या मागून गेलो. दुसऱ्या सकाळी धोतर बदलायला घरी यावं लागलं. तो नकाशा बाजूला ठेवला.

तिसऱ्यात पश्चिमेच्या बाजूला, जिथं झाडं नाहीत आणि म्हणून बंड्या थांबत नाहीत, तिथं उभ्या विटांची पट्टी. रस्त्यापासून एक वीट उंच, म्हणजे चाक चढणार नाही. बैलांची सावली बैलांना राहते, सायकलवाल्यांना ऊन लागतं. पण सायकलवाला चालता असतो, बैल तासन्‌तास उभा असतो. अडचणी दोन. पश्चिमेच्या घरांच्या ओट्यांच्या पायऱ्या रस्त्यात आलेल्या होत्या, त्या तोडाव्या लागणार. आणि शाळा पूर्वेला, तेव्हा शेवटी रस्ता ओलांडावा लागणार. पण ओलांडायची जागा नाक्यावर येत होती. तिथं जकातीसाठी आडवी लाकडी बल्ली टाकून बंड्या थांबवतातच. थांबलेल्या बंड्यांपुढून सायकल हातात धरून जाणं कठीण नव्हतं.

तिसरा नकाशा चांगला होता. त्यात एकच खोट होती. पश्चिमेच्या घरांत आमचं घर होतं. पट्टी स्टेशनाकडून येत होती खरी, पण माझ्या डोळ्याला ती आमच्या दारातून निघून माझ्या बहिणीच्या शाळेत शिरताना दिसायची.

बैठकीत अध्यक्षांनी तिन्ही कागद पाहिले आणि विचारलं, "तुमचं मत?"

"पहिला," मी म्हणालो. "साधा आहे."

"तिसऱ्यात काय वाईट?"

"तिसरा माझ्या दारावरून जातो, साहेब. माझी बहीण याच रस्त्यानं शाळेत जाते. या बाबतीत माझं मत धरू नये."

अध्यक्षांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "ओव्हरसियरसाहेब, या खोलीत घरची बाई रस्त्यानं जात नाही असा कोण आहे? मग कोणाचंच मत धरता येत नाही. रस्ता कलेक्टरनं येऊन बांधाव का?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी पहिल्याचीच बाजू पुन्हा मांडली, आणि चांगली मांडली. शेवटी ठरलं की डांबराआधी बाजार ते नाका एवढ्या तुकड्यावर फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या, रेघा मारून पाहाव्या.

घरी येऊन मी बहिणीला सांगितलं की तीन नकाशांतला रेघांचा पहिला ठरला. तिनं विचारलं, "रेघेनं बंडी थांबते?" मी म्हणालो, "पाहू." ती "बरं" म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

संक्रांत होऊन गेली होती. शनिवारी संध्याकाळी मी माणसं लावून फक्की मारून घेतली. दोरी धरून, अगदी सरळ. दोन्ही कडांना दोन पांढऱ्या रेघा, बाजारापासून नाक्यापर्यंत. मला त्या दिसायला आवडल्या, हेही सांगून टाकतो.

रविवारी सकाळी नाक्यावर गेलो तर जत्रा. रेघांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. पोरं निंबावर चढलेली. एकानं कढई मांडून जिलबी सुरू केलेली. आणि नाक्यापलीकडे कापसाच्या बंड्या नव्हत्या, तर झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोड्या होत्या. मला काही उमजेना. एक धुरकरी माझ्या हातातला टेप पाहून पुढं आला.

"साहेब, पट कवा सुटते?"

तेव्हा कळलं. आमच्याकडे शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, धाव अशाच फक्कीच्या दोन रेघांनी आखतात. आणि पटाचे दिवस हेच, संक्रांतीनंतरचे. बाजारातून रात्री परतणाऱ्या धुरकऱ्यांनी रेघा पाहिल्या आणि गावोगाव निरोप नेला की औंदा पट सडकेवर हाये, कमेटीनं ठेवला.

"पट नाही बाबा," मी म्हणालो. "हा सायकलींचा रस्ता आहे."

"सायकलीचा पट?" तो मागं वळून ओरडला, "आरे, सायकलीचा पट हाये म्हंते!" मग पुन्हा माझ्याकडे, "मंग बैलं काऊन नाई धरत? सायकलीपरीस माही जोडी पुढं निंगन."

"धरा ना साहेब," गर्दीतून कोणी म्हणालं. "एक धाव त होऊ द्या. लोक लांबून आले."

मी नाही म्हणत होतो तोवर दोन जोड्या सुटल्याही. धूळ, आरोळ्या, टोप्या उडालेल्या. अध्यक्षही तेवढ्यात टांग्यातून उतरले, सगळं पाहिलं आणि मला एवढंच म्हणाले, "इनाम काय ठेवलं?" दुपारपर्यंत धावा झाल्या. त्या दिवशी बाजार ते नाका एकही सायकल जाऊ शकली नाही. खुरांनी आणि धुळीनं रेघा जवळजवळ पुसल्या. सोमवारी कापसाच्या बंड्या आल्या, तेव्हा जिथं पुसट रेघ दिसत होती तिथं त्यांनी नेमकं रेघेवर चाक ठेवून बैल सोडले. बंड्या इतक्या ओळीत कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या.

मोठेबाबा रविवारी पट पाहायला गेले होते. घरी आल्यावर म्हणाले, "लय दिवसानं चांगला पट पाह्यला. पुढच्या साली अजून लांब आखजो."

जेवणं झाली, मोठेबाबा ओट्यावर गेले, तेव्हा बहीण ताटं उचलता उचलता थांबली.

"तिसरा नकाशा कसा होता?"

मी सांगितला. पायऱ्या, विटा, नाका, सगळं.

"तो चांगला होता हे तुले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मंग पहिल्याचं काऊन सांगितलं?"

"लोक म्हणाले असते, बहिणीसाठी रस्ता बांधला."

"आन तुले ते ऐकायचं नव्हतं." तिनं ताटं खाली ठेवली. "माह्यासाठी नको करू, कबूल. पण माह्या वर्गातल्या तिघीजणी सायकलनं येतात. त्यातली एक मागच्या महिन्यात टांग्याखाली येता येता वाचली. त्या तुह्या बहिणी नाहीत ना? मंग त्यायच्यासाठी त करता आलं असतं. तुह्या दारावरून जाते म्हणून त्यायनं नालीत पडाव का?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हे पाह्य," ती म्हणाली, "लगेच कबूल! कबूल करून तू मोकळा होतो, भाऊ. मी पायीच जाते."

ती हसत नव्हती. मला वाटलं होतं की मी माझ्या घराचा फायदा सोडला. खरं म्हणजे मी माझंच नाव सांभाळलं होतं, आणि त्यासाठी तिची नोकरी आणि त्या मुलींची हाडं पणाला लावली होती. चांगला नकाशा कोणता हे सांगण्याचा कमेटी मला पगार देते. तेवढं एक मी केलं नव्हतं.

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच मी अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हणालो, तिसरा नकाशा चांगला आहे, मी दारामुळे तसं म्हणालो नाही, आता म्हणतो. ते दाढी करत होते. साबण लागलेल्या तोंडानं म्हणाले, "इतकं सांगायला पट भरवावा लागला तुम्हाला?" पुढच्या बैठकीत तिसरा मंजूर झाला. दोन मेंबर बोलले की ओव्हरसियरच्या दारात पक्की वीट येणार. ते बोलणार हे मला माहीत होतं. ऐकून घेतलं. वाईट वाटलं, पण वाटेल असं जेवढं वाटलं होतं तेवढं नाही.

उन्हाळ्यात काम झालं. पायऱ्या तोडायला मी आमच्या घरापासून सुरुवात केली. आमची खालची पायरी म्हणजे मोठेबाबांची सकाळची बसायची जागा. तोडताना ते आत गेले, आवाज थांबल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "बैलायची सावली ठेवली, माही पायरी नेली." ते खरंच होतं. शेजाऱ्यांपैकी मग कोणी फार कटकट केली नाही.

पट्टी तयार झाली आणि दोनच दिवसांत लाल झाली. सपाट, स्वच्छ, दिवसभर उन्हात, आणि बंडीचं चाक न चढणारी अशी जागा गावात दुसरी नव्हती. बायकांनी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. पुढं कुरडया, पापड, तुरीची डाळ. पहिली मिरची आमच्याच घरची होती. माझ्या बायकोनं घातली. मी तिला म्हणालो, हे सायकलींसाठी आहे. ती म्हणाली, "शाळेला सुट्टी हाये ना? मंग सायकली कुठं हायेत?" पायरी गेलेले मोठेबाबा आता पट्टीच्या काठावरच बसू लागले, हातात काठी घेऊन, मिरच्या राखत. येणाऱ्याजाणाऱ्या शेळ्यांना ते दुरूनच ओळखत.

बहीण सायकल काढायचं नाव घेईना. मी विचारलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात कोणीही चालवन. मोठेबाबायले हंगामात पाहू दे." शाळा सुरू झाली, पावसाळा गेला, ती पायीच जात राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी दिवाळीपर्यंत थांबते असं तिला सांगितलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी बंड्या आल्या होत्या. पलीकडे निंबाखाली नेहमीसारखी रांग, बैल सोडलेले, कडबा पडलेला. मी माळ्यावरून सायकल उतरवली, पुसली, हवा भरली. बहिणीनं पिशवी हँडलला अडकवली. मोठेबाबा पट्टीच्या काठावर बसलेले होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"जाऊ?"

ते दुसरीकडे पाहत होते. पलीकडे बैल बांधायला जागा न मिळालेला एक धुरकरी बंडी तिकडेच सोडून, बैलजोडी घेऊन रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आला होता, आणि पट्टीच्या विटेत खुंटी ठोकायला जागा पाहत होता.

"ए बापू," मोठेबाबांनी काठी उचलली. "इथं नाई. हे सायकलीचं हाये."

धुरकरी त्यांच्याकडे पाहून हसला. "आन तुमी बसून राह्यले ते, बाबाजी?"

"मी उठून राह्यलो," मोठेबाबा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

धुरकऱ्यानं बैल वळवले. पट्टी मोकळी झाली. बहीण बसली आणि पायडल मारलं. मोठेबाबांच्या अगदी जवळून गेली. घंटी वाजवली नाही, त्यांनीच एक पाऊल मागं घेतलं. समोर बंड्यांची रांग, मधून टांगे, आणि इकडे एका विटेच्या उंचीवर ती. चार घरं पुढं एक शाळकरी मुलगी सायकलवर तिला भेटली, तिच्यासाठी बहीण जरा थांबली. दूर नाक्यावर बल्ली आडवी होती, बंड्या थांबलेल्या होत्या. दोघी उतरल्या, सायकली हातात धरून त्यांच्यापुढून ओलांडून गेल्या.

मोठेबाबा कपाळावर हात धरून तिकडे पाहत होते. मी त्यांच्याजवळ उभा होतो. दोघी दिसेनाशा झाल्यावर ते पुन्हा काठावर टेकले.

"त्या पोरीपाशी थांबतानी पाय घासला तिनं," ते म्हणाले. "ब्रेक कच्चे हायेत. संध्याकाळी पाहजो."

संध्याकाळी पाहिले. खरंच कच्चे होते. सकाळी हवा भरली तेव्हाच पाहायला हवे होते.